एकोणिसाव्या प्रकरणातला मैंद

ज्या दुपारी बायको गेल्याची बातमी आली, त्या दुपारी मिस्त्री कपड्यांच्या कारखान्यात एका शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसला होता. आजूबाजूला चाळीस मशिनं धडधडत होती. खिशातला फोन पाच वेळा वाजला, पण त्याला पत्ता नाही. शेवटी ऑफिसात फोन आला आणि मुकादमाने कुणाला काही न विचारता मेन स्विच खाली ओढला. चाळीस मशिनं एकदम गप्प झाली. मिस्त्रीने मान वर केली. कामाच्या वेळी मशिनं बंद होतात ती दोनच कारणांनी, आग लागली तर किंवा कुणाच्या घरचं कुणी गेलं तर. धूर कुठे दिसत नव्हता. आणि मुकादम सरळ त्याच्याचकडे चालत येत होता.

बायको वाचनालयात गेली होती. तिथे दृष्टी नसलेल्या माणसांसाठी बोलकी पुस्तकं तयार होत. पुस्तक कुणीतरी मोठ्याने वाचायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि घरोघरी पाठवायचं. बावीस वर्षं ती हे काम बिनपगारी करत होती. त्या दिवशी तिने एका जाड्या जुन्या कादंबरीचं सतरावं प्रकरण संपवलं, "झालं" म्हणाली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पाणी आणायला गेली होती तिची धाकटी बहीण. वाचनालयाचा हा विभाग तीच सांभाळायची.

तीन आठवड्यांनी ती मिस्त्रीकडे आली. चहा घेतला, कप स्वतःच विसळला आणि ओल्या हातांनीच बोलायला उभी राहिली.

"भावोजी, एक सांगायचंय. तुम्ही ओरडू नका."

"मी कधी ओरडलोय?"

"तेच तर. ओरडत नाही म्हणून जास्त भीती वाटते." तिने हात पुसले. "ताईचं पुस्तक दुसऱ्याला द्यावं लागणार. पहिल्यापासून."

"सतरा प्रकरणं झालीत की."

"एक पुस्तक, एक आवाज. नियम आहे. ऐकणाऱ्याला चेहरा दिसत नाही, आवाज हाच चेहरा. मधेच बदलला तर तो गोंधळतो. आजवर चार वाचक गेले, चारही वेळा पुस्तक पहिल्यापासून वाचून घेतलं. आता बहिणीच्या वेळी नियम वाकवला तर लोक काय म्हणतील?"

"आणि तिची सतरा?"

तिने विसळलेला कप पुन्हा विसळायला घेतला. म्हणजे ती सतरा प्रकरणं पुसायची.

मिस्त्री ओरडला नाही. "वाचणार कोण?" एवढंच त्याने विचारलं.

"नटवर्य."

नटवर्य म्हणजे रंगभूमीवर तीस वर्षं काढलेला माणूस. आवाज असा की कुजबुजला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जावा. माणूस मनाचा चांगला होता, पण दूध मागितलं तरी संवाद म्हटल्यासारखं मागायचा.

बायको वाचायची तेव्हा दर शनिवारी दुपारी मिस्त्री वाचनालयात रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेबाहेर हेडफोन लावून बसत असे. कादंबऱ्या-बिदंबऱ्या त्याच्या प्रांतातल्या नव्हत्या. त्याचं काम आवाज पकडायचं. कुठल्या मशीनची सुई अर्ध्या केसाने वाकली आहे, हे त्याला कानाने कळायचं. तसंच इथे. खुर्ची कुरकुरली, पान जोरात उलटलं, पोट वाजलं, की तो काचेवर टिचकी मारायचा. "आपल्या पोटाला तेल घाला आधी," असं बायको आतून म्हणायची, आणि तेही रेकॉर्ड व्हायचं.

पण बावीस वर्षं कानावर पडत राहिलं की गोष्टही आत शिरतेच. या कादंबरीत एक माणूस गावात येतो. डोळ्यांत थेंब घालून आंधळ्यांना दृष्टी देतो म्हणतो. खानावळ चालवणाऱ्या एका एकट्या बाईकडे उतरतो. ती त्याला जेवू घालते, वरची खोली देते, शेवटी घराची किल्ली देते. थेंब म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. एकोणिसाव्या प्रकरणात ते तिला कळतं आणि ती त्याला एकच शब्द म्हणते. मैंद.

या शब्दावर बायकोचा भारी जीव होता. तिची एक वही होती. वाचलेल्या पुस्तकात हा शब्द आला की कोण कुणाला म्हणालं, ते ती त्यात लिहून ठेवायची. जुन्यातल्या जुन्या पुस्तकांत मैंद म्हणजे वाटसरूच्या सोबतीला येणारा गोड माणूस, चार मुक्काम बरोबर जेवणारा आणि पाचव्या मुक्कामी गळ्याला फास लावणारा. पुढच्या पुस्तकांत फास गेला, गोडवा राहिला. एका नाटकात सून सासऱ्याला म्हणते. एका प्रवासाच्या पुस्तकात लेखक आपल्याच भावाला म्हणतो. वहीच्या शेवटी तिने लिहिलं होतं: "परके लोक ठक म्हणतात, भामटा म्हणतात, लबाड म्हणतात. मैंद म्हणतो तो ज्याने त्याला आपल्या हाताने वाढलंय."

आणि घरात ती मिस्त्रीला म्हणायची. सगळं ऐकून न ऐकल्यासारखा तो बसला, की म्हणायची, "मैंद आहात अगदी."

नटवर्यांनी दोन प्रकरणं वाचली. मिस्त्री हेडफोन लावून बसला. खुर्ची वाजली नाही, पान वाजलं नाही, आवाज लोण्यासारखा. पण थेंबवाला पहिल्यांदा बोलला तेव्हा मिस्त्रीचं बोट आपोआप काचेवर गेलं.

"काय झालं? श्वास ऐकू आला का?" नटवर्य बाहेर आले.

"नाही. तो लबाड आहे हे ऐकू आलं."

"अहो, तो लबाडच आहे!"

"हो, पण खानावळवालीला कुठे माहितीये?"

"मिस्त्रीसाहेब, प्रेक्षकांना कळायला नको?"

"नको. ती म्हणायची, त्याचा आवाज खरा लागला पाहिजे. आवाजात खोट दिसली तर फसलेली माणसं मूर्ख ठरतात. तो डॉक्टरसारखा नाही, भावासारखा बोलला पाहिजे, म्हणायची."

नटवर्यांनी भुवई उडवली. मेहुणी म्हणाली, "भावोजी, तुम्हाला ताईचाच आवाज हवाय, म्हणून दुसरा कुठलाही खोटा वाटतोय."

हे खरंही असेल, असं मिस्त्रीला वाटलं. तो म्हणाला, "मग माझं सोड. तारमास्तरांना ऐकव."

तारमास्तर हे तारखात्यातले निवृत्त गृहस्थ. दृष्टी गेलेली, कान असे की नव्या पुस्तकाची तपासणी त्यांच्याकडेच असायची. बाईंची, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोची, सतरा प्रकरणं त्यांनी आधीच ऐकली होती. आता नटवर्यांची दोन ऐकून ते काठी टेकत स्वतःच वाचनालयात आले. मेहुणीने खुर्ची दिली, ती बाईंचीच. बसताना ती डावीकडे कुरकुरली.

"हं," तारमास्तर म्हणाले. "ही कुरकुर सतराव्याच्या शेवटी आहे. कुणी काढली कशी नाही?"

"मी ठेवली," मिस्त्री म्हणाला.

"बरं केलंस." मग ते नटवर्यांच्या दिशेला वळले. "आवाज फार छान आहे हो तुमचा. पण तुमचा थेंबवाला दारात उभा राहिला की मला इथून कळतं. मग खानावळवाली त्याला किल्ली देते तेव्हा वाटतं, काय बावळट बाई आहे!"

"तशी ती थोडी आहेच," नटवर्य हसून म्हणाले.

तारमास्तर हसले नाहीत. "मी अशा एकाकडे गेलो होतो. तीन महिने थेंब घातले. खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस मी, कुणाकडून शेंडी लावून घेणाऱ्यातला नाही. पण तो माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करायचा. निघताना माझ्या चपला सरळ करून ठेवायचा. घरी सगळे म्हणाले, म्हातारा खुळावला. आजतागायत म्हणतात." त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी धरली. "बाईंचा थेंबवाला ऐकला तेव्हा दुसऱ्या प्रकरणातच मी त्याला सगळं दिलं असतं. पुन्हा. रात्री बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, अहो, याच्याकडे मीसुद्धा गेले असते. नऊ वर्षांनी म्हणाली हो ती. आणि हे तुम्ही पुसणार?"

मेहुणीचे डोळे भरले होते, पण ती नियमाची माणूस. "मास्तर, मधेच आवाज बदलला तर ऐकणारे गोंधळतील."

"आवाज बदलल्याने आम्ही गोंधळत नाही, बाळ. काय झालं ते न सांगितल्याने गोंधळतो. सांगून टाका की. इथवर बाईंनी वाचलं, पुढे हे वाचतायत."

नटवर्य इतका वेळ खाली बघत होते. ते म्हणाले, "मला बाईंचं पहिलं प्रकरण ऐकवा." मिस्त्रीने आपले हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. ते उभ्याउभ्या ऐकायला लागले, मग बसले, मग तसेच दुसरं प्रकरण ऐकत राहिले. हेडफोन काढून त्यांनी टेबलावर अलगद ठेवले.

"माझी दोन पुसा," ते मेहुणीला म्हणाले. या वेळी आवाज शेवटच्या रांगेत गेला नसता.

मेहुणीने वाचनालयाच्या नोंदवहीत नोंद केली. नियमाखाली तिने आपल्या हाताने एक ओळ वाढवली आणि सही केली. "म्हणू दे लोकांना काय म्हणायचं ते," ती म्हणाली.

अठरावं प्रकरण वाचायला नटवर्यांना पाच शनिवार लागले. मिस्त्री टिचकी मारायचा, ते पुन्हा वाचायचे, कुरकुर नाही. ते संपल्यावर त्यांनी काचेतून विचारलं, "आता तो शब्द. बाई कसा म्हणणार होत्या?"

हे एकट्या मिस्त्रीला ठाऊक होतं. महिनाभर तिने स्वयंपाकघरात तो घोटला होता. रागाने म्हणून पाहिला. रडून म्हणून पाहिला. दात-ओठ खाऊन म्हटला, तेव्हा शेजारणीने भिंत ठोकली होती. काहीच पटेना. शेवटी एका सकाळी तो चहा पीत बसला होता, ती काही तरी सांगत होती आणि त्याचं लक्ष नव्हतं, तेव्हा ती म्हणाली, "मैंद आहात अगदी." आणि थबकली. "अहो, असाच! असाच म्हणायचा. माया आहे अजून, म्हणूनच तर लागतं."

त्याने ते सांगितलं. नटवर्यांनी म्हणून पाहिलं.

"नाही," मिस्त्री म्हणाला.

"आता?"

"जवळ आलंय. पण ती त्याला जेवायला वाढत आलीये, हे ऐकू येत नाही."

"तुम्ही म्हणून दाखवा ना."

मिस्त्रीने तोंड उघडलं. त्याने हा शब्द हजार वेळा ऐकला होता, स्वतः एकदाही म्हटला नव्हता. त्याने तोंड मिटलं.

"पुढच्या शनिवारी बघू," तो म्हणाला आणि हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

बाईंची सतरा प्रकरणं आता घरोघरी गेली आहेत, खुर्चीसकट. अठरावंही गेलं. एकोणिसावं आणि विसावं वाचायचं राहिलं आहे.