स्पीकरवरचं युद्ध

विश्रांतवाडीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून युद्ध अगदी जोरात चाललं होतं. सैन्यात त्या घरातला एकटा अभिनव होता आणि तो सीमेवर होता, पण लढत होते बाकीचे. सासरे बद्रीनाथ सोफ्यावर मांडी घालून टीव्हीवरचा नकाशा बघत आणि कुठून घुसायचं ते सांगत. धाकटा दीर पियुष कंपनीचं काम घरून करता करता शत्रूची एकेक शहरं पुसून टाकत होता. त्याला न्हाणीघरात झुरळ दिसलं की वहिनीला हाक मारावी लागे. अभिनवची बायको श्रद्धा येऊन झुरळ मारी आणि एक अक्षर न बोलता चप्पल जागेवर ठेवी. ती वारज्याची. तिच्या माहेरी माणसं कमी बोलत, पण जे बोलत ते ऐकणाऱ्याला चार दिवस पुरे.

अभिनवचा फोन आठवड्यातून एखादा यायचा, चौकीवरच्या एकुलत्या एका फोनवरून, रांगेत उभं राहून केलेला. तो यायचा बद्रीनाथांच्या मोबाइलवर. घरातल्या कर्त्या माणसाला डावलून बायकोला फोन लावणं त्यांच्या लेखी बेअदबी होती. अभिनवनं एकदा ती केली होती, तेव्हा हे गृहस्थ दोन दिवस तोंड फुगवून जेवत होते. तेव्हापासून मोबाइल टीपॉयवर आणि स्पीकर चालू, म्हणजे कुणावर अन्याय नको. अन्याय कुणावरच होत नसे, फक्त बोलत असे पियुष. "दादा, ठोकताय ना त्यांना?" असं विचारून तो स्वतःच्या फोनवर सगळं शूट करी. अभिनव म्हणे, "सगळं ठीक." सासूबाई मुक्ताई विचारत, जेवलास का. श्रद्धाची पाळी येईपर्यंत रांगेतले मागचे जवान खाकरू लागलेले असत. सासरे कान देऊन बसलेत आणि दीर कॅमेरा धरून उभा आहे, अशा वेळी नवऱ्याशी काय बोलतात ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीही म्हणे, "सगळं ठीक."

या सगळ्या तमाशात तिला एकच माणूस बरा वाटे, आणि त्याला तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं. संपत हा अभिनवच्या तुकडीतला, साताऱ्याकडचा. रांगेत तो हटकून अभिनवच्या मागे असायचा आणि मागूनच ओरडायचा, "वहिनी, ह्याला भाजीत मीठ टाकाया येत न्हाई. काय शिकवलंत त्याला?" सगळं घर हसायचं. श्रद्धाही हसायची, कारण त्या घरात तिच्याशी सरळ बोलणारा तेवढाच एक होता.

फोन बहुधा रविवारी दुपारी यायचा, म्हणून त्या रविवारी पियुषनं सोसायटीचे अध्यक्ष रावसाहेब यांना बोलावून बसवलं होतं. रावसाहेबांना जवानाच्या तोंडून सोसायटीसाठी संदेश हवा होता. सोसायटीनं देशासाठी काय केलं होतं, तर एका संध्याकाळी जिन्यातले दिवे घालवले होते आणि अंधारात वॉचमन पायऱ्यांवरून पडला होता. तेवढ्या भांडवलावर रावसाहेब पोहे खात हौतात्म्यावर बोलत होते. श्रद्धानं त्यांना दुसऱ्यांदा पोहे विचारले नाहीत.

फोन आला. पियुषनं कॅमेरा धरला.

"दादा, आज खास पाहुणे आहेत. सोसायटीला संदेश द्यायचाय. पण आधी संपतला दे, त्याचा तो मिठाचा डायलॉग लोकांना फार आवडलाय."

मग अभिनव म्हणाला, "संपत ड्यूटीवर आहे." आणि जरा थांबून, "श्रद्धा आहे का?"

"आहे, इथंच आहे. आधी संदेश."

श्रद्धाला तो आवाज ओळखीचा होता. तिचे वडील गेले तेव्हा दवाखान्याच्या दारात तिला सांगताना अभिनव असाच बोलला होता, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा. तिनं टीपॉयवरचा मोबाइल उचलला, स्पीकर बंद केला, न्हाणीघरात गेली आणि आतून कडी घातली.

"वहिनी, शूटिंग चालू आहे," पियुष दारावर थापा मारू लागला. "ही कुठली पद्धत?" हा बद्रीनाथांचा आवाज. तिनं नळ सोडला.

"बोल. आता कुणी ऐकत नाही."

मग तो म्हणाला, "संपत गेला गं. काल. माझ्या शेजारीच होता." आणि मग, "त्याच्या आईला अजून कळवलेलं नाही. गावी एकटीच असते, इथून माणूस जाणार आहे सांगायला. तोवर कुणाला बोलू नकोस. मी तुलाही सांगायला नको होतं, पण मला कुणाला तरी सांगायचं होतं."

धीर धर वगैरे ती म्हणाली नाही. "रड," ती म्हणाली, "मी आहे." तो रडला. दाराबाहेर रावसाहेब सांगत होते की जवानाचं मनोबल उंच ठेवणं ही कुटुंबाची जबाबदारी असते. ते संपायच्या आत फोन तुटला. श्रद्धानं तोंडावर पाणी मारलं आणि कडी काढली.

"काय म्हणाला?" तिघांनी एकदम विचारलं.

"भावजी, तुम्ही सीमेवर लढायला कधी येताय, विचारत होता."

रावसाहेब हसले. पियुष काही हसला नाही. पाहुण्यांसमोर गेलेली अब्रू सावरायला त्यानं मागच्या आठवड्याचा व्हिडिओ टीव्हीवर लावला. पडद्यावर हेच टीपॉय, हीच माणसं, आणि मोबाइलमधून तो आवाज, "वहिनी, ह्याला भाजीत मीठ टाकाया येत न्हाई." रावसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "काय हजरजबाबी पोरगा आहे. पुन्हा लाव रे."

पियुषनं पुन्हा लावला. श्रद्धा उठली आणि तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं.

"काहून बंद केला?" मुक्ताईंनी विचारलं.

"आवाज मोठा होता."

मुक्ताईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पोह्यांच्या बशा गोळा करून त्या आत गेल्या. पियुष मात्र वहिनीचं डोकं फिरलंय अशी खूण रावसाहेबांना करत होता.

दोन दिवसांनी बातमी आली. अर्ध्या तासात पियुषच्या स्टेटसवर दोघांचे फोटो जोडून केलेला फोटो झळकला. त्यात पियुष मोठा होता आणि संपत कोपऱ्यात. खाली लिहिलं होतं, माझा जिवलग मित्र. जिवलग मित्राचं आडनाव त्यानं चुकीचं लिहिलं होतं.

मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. श्रद्धा कणीक मळत होती, मुक्ताई गॅसपाशी होत्या.

"वहिनी, तुम्ही टीव्ही बंद केलात तेव्हाच तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग सांगायचं ना." तो खरोखरच दुखावला होता. "आपल्या ग्रुपवर सगळ्यांच्या आधी आलं असतं."

श्रद्धाचा हात परातीत थांबला. तिनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"त्याच्या आईच्याही आधी," ती म्हणाली.

"हो ना," पियुष म्हणाला.