सतरा नंबरचा खिसा

नववीच्या वर्गात दारामागे जुन्या पडद्याचं कापड टांगलेलं होतं. त्याला चाळीस खिसे आणि प्रत्येकावर हजेरीचा नंबर. गणिताच्या बाईंनी ते स्वतः मशीनवर शिवलं होतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! वर्गात शिरताना फोन बंद करून आपल्या खिशात टाकायचा. कुणाचा वाजलाच, तर तो बाई उचलणार, स्पीकरवर टाकणार आणि साऱ्या वर्गादेखत बोलणार. "नमस्कार, आपले चिरंजीव सध्या वर्गमूळ शोधतायत. सापडलं की कळवते," असं त्यांनी कुणाच्या तरी आईला सांगितलं, तेव्हा पोरं पोट धरून हसली होती. मुख्याध्यापकांनी बैठकीत त्यांची पाठ थोपटली. तेव्हापासून, खरं सांगायचं तर, एखादा फोन कधी वाजतोय याची बाई वाटच बघायच्या.

त्या मंगळवारी सतरा नंबर वाजला.

सतरा नंबर म्हणजे दुसऱ्या बाकावरची अबोल मुलगी. वर्ग तिला मौनीबाबा म्हणायचा. ती ताडकन उठली.

"बाई, नको ना. मी बाहेर जाऊन बोलते. दोनच मिनिटं."

"नियम म्हणजे नियम. मौनीबाबांना कुणाचा फोन येतो ते आम्हालाही कळू दे की!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंनी तो पाहिला, अगदी नीट पाहिला. पण वर्ग आधीच खिदळायला लागला होता आणि बाई रंगात आल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं. त्या तोंड उघडणार, तोच पलीकडून घाईघाईने एक पुरुष बोलू लागला.

"बाळा, व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकात उभा आहे मी. बॅग भरून आलोय. दारू सोडणं माझ्याने नाही गं व्हायचं. तू म्हणाली होतीस ना, असं झालं की आधी मला फोन करा, कधीही करा. एकदा म्हण, बाबा, आत जा. जातो मी."

वर्ग हसला. वाईट मुलं नव्हती ती. स्पीकर लागला की हसायचं, हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं, आणि मागच्या बाकांवर तर शब्दही धड पोचले नव्हते.

"कोण हसतंय?" पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "सगळ्यांना ऐकवतेयस होय?"

"बाबा, आत जा!" मुलगी किंचाळली. पण तोवर फोन कट झाला होता.

बाईंनी फोन तिच्या हातात दिला. दाराशी उभी राहून ती पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिली. फळ्यावरचं उदाहरण अर्धंच राहिलं.

पुढचे पंधरा दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही. तिला गाठायचं ठरवायच्या आणि ऐनवेळी जीभ रेटायची नाही. शेवटी एका मधल्या सुट्टीत त्यांनी तिला थांबवलं.

"माझं चुकलं गं. फार चुकलं. बाबा कुठे आहेत आता?"

"माहीत नाही. त्याच दिवशी केंद्रातून गेले."

"मी बोलते त्यांच्याशी. सांगते, फोन मी उचलला होता, तुझा काही दोष नाही."

"कसं सांगणार, बाई? माझाही उचलत नाहीत ते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोसला असता. "तुमची हरकत नसेल, तर मी फोन चालू ठेवू का? मोठ्या आवाजावर?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

आता रोज तिसऱ्या तासाला बाई फळ्यावर आकडे मांडतात, मुलांकडे पाठ करून. मधेच खडू थांबतो. वर्गाला वाटतं, बाई पुढची पायरी आठवतायत. बाईंचा जीव मात्र दारामागच्या त्या खिशात अडकलेला असतो. वाज रे बाबा, एकदा तरी वाज, असं त्या मनातल्या मनात म्हणत राहतात, आणि तास संपल्याची घंटा होते.