डॅटसनच्या मागची पाटी

पॅनकेक संपून कॉफीचे मग दुसऱ्यांदा भरले गेले, तेव्हा रोवेना टिलरी उठून उभी राहिली. गाड्या पळवणाऱ्यांच्या त्या क्लबच्या बैठकीत उठून बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ. एरवी ती वडिलांबरोबर यायची, कोपऱ्यात बसायची आणि जाताना खुर्च्या आवरून ठेवायची. आज वडील नव्हते. हिवाळ्यात गेले. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू काढून टेबलावर ठेवली आणि फडकं सोडलं. क्लबच्या नावाची ॲल्युमिनियमची ओतीव पाटी होती ती. 'ड्राय क्रीक टायमर्स, टाफ्ट, कॅलिफोर्निया.' अक्षरांच्या कडा पुसून पुसून गुळगुळीत झाल्या होत्या.

"ही डॅडींची," ती म्हणाली. "मला ती माझ्या गाडीला लावायची आहे."

"कुठल्या गाडीला?" डॉइल मेबरीने विचारलं. कुठल्या ते त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. गाडी दाराबाहेरच उभी होती, जुन्या फोर्डच्या रांगेत, लहान आणि फिकट पिवळी.

"डॅटसनला."

"असं होय! मला वाटलं, कुणीतरी जेवणाचा डबा विसरून गेलंय बाहेर."

सगळे हसले. रोवेनाही हसली, कारण डॉइलकाका सगळ्यांनाच असं बोलायचे. हसला नाही तो फक्त एल्डन प्रुइट. टेबलाच्या टोकाला बसलेला हा उंच, वाळका म्हातारा क्लबचा अध्यक्ष होता. रोवेनाच्या वडिलांचा, हॉबर्टचा, तो शाळेपासूनचा मित्र.

त्या पाटीची रीत साधी होती. पाटी माणसाची नसते, गाडीची असते. जी गाडी एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर ताशी शंभर मैलांच्या वर धावेल, आणि जिला क्लबचा सभासद स्वतःच्या गाडीने मागून धक्का देऊन सोडेल, तिच्याच मागे पाटी लटकायची. धक्का देणारा म्हणजे हमी देणारा. सभासद वारला आणि त्याच्या घरात तशी गाडी उरली नाही, तर पाटी क्लबच्या भिंतीवर चढायची. भिंतीवर आता बऱ्याच पाट्या झाल्या होत्या. भिंतीवरची पाटी पुन्हा कधी रस्त्यावर उतरत नसे.

"नाही," एल्डन म्हणाला.

"का नाही, एल्डनकाका?"

"हॉट रॉड म्हणजे काय ते तुला मी सांगायला हवं का, पोरी? आपल्या परसात गंजत पडलेली आपलीच गाडी घ्यायची, तिचं नको ते सगळं काढून फेकायचं आणि तिला पळवायचं. ही जपानहून बोटीत बसून आली. पेट्रोल वाचवायला बनवलेली गाडी ही. काटकसर करायची तर खुशाल करावी माणसाने, पण तिच्यामागे आपली पाटी?"

"तुमची फोर्डसुद्धा त्या काळी गरिबाची स्वस्तातली गाडीच होती," मॅनी फर्राज मध्येच म्हणाला. त्याच्या दुधाच्या गाई होत्या आणि मत द्यायची त्याला घाई असायची.

"माझ्या गाडीचं नाव काढू नकोस, मॅनी."

"नाव कुठे काढलं? किंमत काढली."

एल्डनने मग खाली ठेवला. आवाज न चढवता तो बोलला, आणि म्हणूनच ते रोवेनाला जास्त लागलं. "आम्ही घरी आलो की हॉबर्ट हीच गाडी ताडपत्रीखाली झाकायचा. शेडमागे नेऊन. त्याला तिची लाज वाटायची. आणि तू तिला त्याची पाटी लावायला निघालीस?"

ते खरं होतं. पेट्रोलसाठी मैल मैल रांगा लागायच्या त्या दिवसांत हॉबर्टने तेलविहिरींवर जायला-यायला ही गाडी घेतली होती. उघड्या टपाची लाल रोडस्टर अंगणात झळकायची आणि डॅटसन शेडमागे दडायची. पुढे रोवेनाची आई आजारी पडली आणि रोडस्टर विकावी लागली. पाटी तेवढी घरी खिळ्याला राहिली.

डॉइलने घसा साफ केला. "रीत अशी नाही, एल्डन. गाडी कुठली ते पाटीवर लिहिलेलं नाही. शंभर मैल आणि एक धक्का, बस."

"पळू दे मग. मी धक्का देणार नाही."

"मी देतो," मॅनी म्हणाला. "माझी पिकअप काय गाईच ओढायला आहे का?"

रोवेनाने पाटी पुन्हा फडक्यात गुंडाळली. भिंतीवर एक मोकळा खिळा होता. तिकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी नजर गेलीच.

धावांच्या दिवशी सकाळी एल मिराजच्या तळ्यावर वारा नव्हता. क्लबच्या गाड्या अंधारातच निघून तेहाचापीचा घाट उतरून आल्या होत्या, आणि एल्डनने नेहमीप्रमाणे आपली काळी रोडस्टर स्वतः चालवत आणली होती. ट्रकवर लादून आणलेल्या गाड्यांना तो गाडी म्हणत नसे, सामान म्हणायचा. रोवेनाही चालवतच आली, मॅनीच्या पिकअपमागून. तपासणीच्या पंचांना डॅटसनबद्दल काही म्हणायचं नव्हतं. लहान इंजिनांचा त्यांच्याकडे वेगळा वर्गच होता. त्यांनी पट्टे ओढून पाहिले, डोक्यावरचा पिंजरा हलवून पाहिला आणि नंबर दिला.

मग रोवेनाने शेवटचं काम केलं. वडिलांनी शिकवलेलं. गाडीत जे धावायला लागत नाही, ते उतरवायचं. शेजारचं सीट, जॅक, जादा चाक आणि सगळ्यात शेवटी स्टार्टर. जुने लोक स्टार्टर कधीच तळ्यावर नेत नसत, धक्का असतोच म्हणून. तिने तो काढून फडक्यावर ठेवला तेव्हा तिला छान वाटलं. घरासमोर उतार होता. स्टार्टरशिवाय गाडी तिथे कितीदा तरी सोडून पाहिली होती.

तिचा नंबर आला. मॅनीने पिकअप हळूहळू डॅटसनच्या मागे आणली आणि ब्रेक दाबला. खाली उतरून त्याने पाहिलं. मग टोपी काढून पुन्हा पाहिलं.

पिकअपची धक्क्याची दांडी डॅटसनच्या डिकीच्या झाकणावर आली होती. रोवेनाने मागे वेल्ड केलेला आडवा पाइप तिच्या कितीतरी खाली राहिला होता.

"ही ढकलायची की हिच्यावर चढायचं?" मॅनी म्हणाला.

रोवेनाने उतरून पाहिलं. तिने टायरमधली हवा मोजली होती, वारा मोजला होता, गिअर मोजले होते. हे मोजलं नव्हतं. वडिलांच्या तरुणपणी पिकअप बुटक्या असत. आता त्या घोड्यांएवढ्या झाल्या, आणि घरासमोरच्या उतारामुळे तिला धक्का कधी लागलाच नव्हता.

"हाताने ढकलू, धक्का तो धक्का," डॉइल म्हणाला. चौघे म्हातारे मागून ढकलू लागले. रोवेनाने गिअर टाकून क्लच सोडला, तशी मागची चाकं जागीच अडली आणि मातीवर फरफटली. पुन्हा ढकललं. पुन्हा फरफट. डॉइल गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिला. "डबा भरलेला दिसतोय," तो कसाबसा म्हणाला.

निशाणवाला आला. "बाई, बाजूला घ्या. रांग संपेपर्यंत थांबतो मी. मग तळं बंद."

गाडी बाजूला घेतली. स्टार्टर परत बसवला तरी धक्क्याशिवाय पाटी मिळणार नव्हती. तिच्याएवढी बुटकी आणि पुढे दांडी असलेली गाडी तळ्यावर त्यांच्यात एकच होती. काळी रोडस्टर. तिच्याशेजारी घडीच्या खुर्चीवर एल्डन थर्मासमधली कॉफी पीत बसला होता आणि डोंगराकडे बघत होता. मॅनी म्हणाला, "मी विचारतो त्याला." रोवेना म्हणाली, "नको. कुणीच विचारायचं नाही. त्यांनी बैठकीत सांगितलंय, आणि डॅडींच्या पाटीसाठी मी हात पसरणार नाही." आणि हेल्मेट घालून ती आत बसून राहिली, स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून, जणू गाडी चालूच आहे.

रांग आखूड होत गेली. एकेक गाडी धुळीचा झाडू मागे ओढत क्षितिजात शिरत होती. बऱ्याच वेळाने खिडकीत सावली पडली.

एल्डन होता. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो आत पाहत होता. ब्रेकच्या पॅडलला भोकं होती. पॅडलच्या दांड्याला भोकं, सीटच्या पट्ट्यांना भोकं, दाराच्या आतल्या पत्र्याला रांगांनी भोकं. काच खालीवर करायच्या मुठीलासुद्धा तीन बारकी भोकं होती.

"हे कुणी केलं?"

"अर्धं डॅडींनी. अर्धं मी."

"तुझी कुठली?"

"सरळ रेषेतली माझी."

एल्डनच्या तोंडून आवाज निघाला, हसल्यासारखा. त्याने हात आत घालून पॅडलच्या वाकड्या रांगेवरून बोट फिरवलं. गाडी हलकी करायला भोकं पाडायचा हॉबर्ट टिलरीला नाद होता. रोडस्टरमध्ये त्याने इतकी भोकं पाडली होती की वाऱ्यात तिच्यातून शिट्ट्या वाजतात असं डॉइल म्हणायचा. पण त्याची रांग कधी सरळ आली नाही.

"केव्हाचं हे?"

"ताडपत्री काढल्यानंतरचं, काका. रोडस्टर गेल्यावर एका रविवारी त्यांनी ती स्वतःच ओढून काढली. बॉनेट उघडलं आणि म्हणाले, बघू तरी हिच्यात काय आहे. मग दर रविवारी बघत राहिले. इंजिन भंगारातून आणलं, कॅम घरी घासला. शेवटी शेवटी हातात ड्रिल धरवेना, तेव्हा ते खूण करायचे आणि मी पाडायचे."

"आम्हाला बोलला नाही कधी."

"तुम्ही हसाल म्हणून."

एल्डनने काचेच्या मुठीवरची भोकं अंगठ्याने चाचपली. मग म्हणाला, "आधीच एवढीशी गाडी. तिच्यातूनसुद्धा वजन काढायला जागा सापडली त्याला."

"हो."

"ही हॉट रॉड नाही हं, पोरी. मी अजून तेच म्हणतो."

"म्हणा."

तो निघून गेला. तिला वाटलं, संपलं. आणि मग मागून तो आवाज आला, जुन्या फोर्डचा जाड, खोकल्यासारखा आवाज, जो तिला घराच्या दारातून न बघता ओळखू यायचा. आरशात काळं नाक मोठं होत गेलं आणि पाइपाला दांडी टेकली. लोखंडावर लोखंड, अगदी हलकं. कपात चमचा ठेवावा तसं. उंची अशी जुळली होती की कुणीतरी मुद्दाम मापून केली असावी. आणि केलीच होती. मागचा पाइप कुठे वेल्ड करायचा त्याची खडूची खूण हॉबर्टची होती. पिकअपचा त्याने विचारच केला नव्हता, एल्डनच्या रोडस्टरचा केला होता.

हे रोवेनाला त्या क्षणी कळलं. तिने रीतीप्रमाणे हात वर केला.

रोडस्टरने ढकललं. माती सरकू लागली, वेग आला, तिने क्लच सोडला आणि गाडी एकदा शिंकली, दुसऱ्यांदा शिंकली आणि पेटली. आरशातलं काळं नाक मागे पडलं. त्यानंतर तिने आरशात पाहिलं नाही. लहान इंजिन रागावलेल्या गांधीलमाशीसारखं ओरडत होतं, काटा चढत होता, दाराच्या भोकांतून बारीक धूळ आत येऊन तिच्या गुडघ्यांवर बसत होती, आणि वारा त्या भोकांतून खरोखरच शिट्टी वाजवत होता. ती ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही.

परतीच्या वाटेवर मॅनी हात हलवत धावत आला. "एकशे तीन! रेडिओवर सांगितलं! एकशे तीन!"

एल्डन रोडस्टरमध्येच बसला होता. "किती म्हणाला?" त्याने विचारलं. त्याच्या गाडीतला रेडिओ चालू होता.

"एकशे तीन, एल्डनकाका."

"हं. वारा नव्हता आज."

"ह्या शिवणयंत्राला वारा लागत नाही," डॉइल म्हणाला. "धागा लागतो!" आणि त्याने हेल्मेटसकट तिला मिठी मारली.

पाटी तिथेच लावली. मातीत पाठ टेकून रोवेनाने स्वतः बोल्ट घट्ट केले, आणि सगळे म्हातारे भोवती उभे राहून तिला पाना कसा धरायचा ते सांगत राहिले. एल्डन शेवटी वाकला. गुडघे वाजले. आता शाबासकी येईल असं वाटून ती गाडीखाली गप्प पडून राहिली.

"पाटीची पट्टी लांब झालीय," तो म्हणाला. "डांबरी रस्त्यावर घासेल."

"घरी गेल्यावर कापते."

"आणि हे काय? पट्टीला भोकं पाडायची राहिली."

गाडीखालून तिला त्याचे फक्त बूट दिसत होते, मातीने पांढरे झालेले.

"उद्या माझ्या शेडमध्ये आण," बूट म्हणाले. "खुणा मी करतो. तुझी रांग फार सरळ येते."

निघताना एल्डनने रोडस्टर थोडी पुढे घेतली आणि हात बाहेर काढून मागची जागा दाखवली. तिथे हॉबर्टची लाल गाडी असायची. रोवेनाने डॅटसन तिथे आणली. डांबरी रस्ता लागला, पहिला उंचवटा आला आणि पाटी खण्‌कन घासली. पुढच्या काळ्या गाडीतल्या म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं नाही, नुसता हात वर केला. तेहाचापीच्या घाटापर्यंत प्रत्येक उंचवट्यावर ती खणखणत राहिली, आणि वेग कमी करून ती वाचवावी असं रोवेनाला एकदाही वाटलं नाही.