वळशाचा रकाना

अर्ज आले होते एकतीस आणि पैसा होता आठच कामांपुरता. त्या एकतिसांत दादाच्या गावचा पूल होता, आणि अर्जांना गुण द्यायचं काम दादाच्या सख्ख्या धाकट्या बहिणीकडे होतं.

विभागाच्या वाहतूक कार्यालयात तिला सगळे 'गुणवाल्या बाई' म्हणत. कुठला रस्ता रुंद करायचा, कुठे पूल बांधायचा, याचे अर्ज गावोगावचे अध्यक्ष पाठवायचे; दादा त्यांतलाच एक. रहदारी किती, अपघात किती, गाव स्वतःचा हिस्सा घालणार का, हे पाहून ती शंभरापैकी गुण द्यायची. मग सगळ्या अध्यक्षांची समिती त्या यादीवर हात वर करायची.

"भावाचा अर्ज दुसऱ्या कुणाला द्या," असं तिने मुख्य अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं होतं.

"एकाला एक फूटपट्टी आणि बाकीच्यांना दुसरी? नातं लिहून दे आणि सगळे अर्ज तूच तपास," ते म्हणाले.

ठिणगी पडली ती रहदारीच्या आकड्यांवरून. मोजणीच्या दिवशीची छायाचित्रं बघताना तिला एकच दुधाची गाडी पुन्हा पुन्हा दिसली. मागच्या दिव्याला चिकटपट्टी लावलेली ती गाडी पूल ओलांडून जायची, वळून परत यायची. अशा एक्केचाळीस फेऱ्या. नीट पाहिल्यावर आणखीही गाड्या तशाच निघाल्या. तिने त्या सगळ्या खोडल्या.

दोन दिवसांनी दादा थेट तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"माझे आकडे खोडलेस?"

"एकाच गाडीच्या फेऱ्या खोडल्या."

"पुलावरून गेली ना गाडी?"

"एक्केचाळीस वेळा गेली, दादा. दूध पोचवत होते की घुसळत होते?"

आजूबाजूच्या टेबलांवर हशा पिकला. दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"बाबा गेल्यावर तुझी फी कुणी भरली? मी शाळा सोडून वीटभट्टीवर राबलो, म्हणून तू या खुर्चीत बसून चार लोकांत माझी लाज काढतेस. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी!"

सगळं कार्यालय कान टवकारून ऐकत होतं. तिने मान वर न करता म्हटलं, "अध्यक्षसाहेब, तक्रार असेल तर लेखी द्या."

"आजपासून मला बहीण नाही," असं म्हणून तो निघून गेला.

त्याच अर्जात 'वळसा' नावाचा एक रकाना रिकामा होता. पूल कमकुवत म्हणून जड गाड्यांना किती लांबून जावं लागतं, ते तिथे लिहायचं होतं. दादाच्या गावची शाळेची बस आणि अग्निशामक गाडी बावीस किलोमीटरचा फेरा घेऊन येत, हे धाकटीला पाठ होतं. पण मोठा आकडा दिसला की गुण मिळतात, या समजुतीने दादाने सगळा जोर रहदारीवर लावला होता.

अर्ज अपुरा असला की ती गावाला फोन करून शुक्रवारपर्यंत माहिती मागवायची. त्या आठवड्यात तिने सहा गावांना फोन केले. एका विसरभोळ्या अध्यक्षाला तर तीनदा केला. दादाच्या गावाचा नंबर तिने एकदा काढला आणि पुन्हा ठेवून दिला. भावाची बाजू घेतल्यासारखं दिसेल, असं तिने स्वतःला बजावलं. शुक्रवारी पाच वाजता फाईल बंद करताना मात्र तिला खरं काय ते कळत होतं. तिला एकदा त्याला हरलेलं बघायचं होतं.

पुलाला अठ्ठावन्न गुण पडले, आठव्या कामाला एकसष्ट. वळशाच्या रकान्याचे सहा गुण होते, ते मिळालेच नव्हते.

समितीच्या बैठकीत सगळ्यांचे हात वर गेले, दादाचा खालीच राहिला. मुख्य अधिकारी कौतुकाने म्हणाले, "आमच्या बाईंनी सख्ख्या भावालाही सोडलं नाही!" टाळ्या पडल्या. धाकटीला त्या ऐकवेनात.

बैठक संपल्यावर तिने जिन्यात त्याला गाठलं.

"दादा, वळशाचा रकाना तू भरला नव्हतास. बाकीच्यांना मी फोन केले. तुला नाही केला."

"विसरलीस?"

"नाही."

तो दोन पायऱ्या खाली उतरला होता, तिथूनच त्याने वर पाहिलं. "मी लबाडी केली ती गावासाठी. तू कुणासाठी केलीस?"

उत्तरासाठी तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं लिहून मुख्य अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी कागद वाचला आणि तिच्याकडे सरकवला. "टाळ्या पडायच्या आधी सांगायचं होतंस."

समिती पुन्हा बसली. वळसा धरून पुलाचे चौसष्ट झाले, पण आठव्या गावचा अध्यक्ष हातचा रस्ता सोडायला तयार होईना. "बहीणभावाच्या भांडणाचा भुर्दंड आम्ही का सोसायचा?" असं तो ओरडला, आणि त्याचं काही चूकही नव्हतं. शेवटी पूल पुढच्या वर्षीच्या यादीत पहिला घ्यायचं ठरलं. गुण द्यायचं काम धाकटीकडून काढून घेतलं आणि तिला जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलं. आणखी वर्षभर शाळेची बस बावीस किलोमीटर फिरत राहिली.

पुढच्या वर्षी वहिनीचा फोन आला. "पाया खणलाय. बघायचं असेल तर शनिवारी ये, हे गावात नसतात."

ती गेली, तर दादा खड्ड्याच्या कडेलाच उभा होता. त्याने तिला पाहिलं. वहिनीने खोटं सांगितलं, हे दोघांनाही एकदमच कळलं असावं. तो मुकादमाकडे वळला.

"त्या बाईंना हेल्मेट दे. आणि कडेला जाऊ देऊ नकोस, माती भुसभुशीत आहे."

एवढं बोलून तो पलीकडच्या बाजूला निघून गेला. धाकटीने हेल्मेट घातलं. ते सैल होतं. एका हाताने ते धरून ती बराच वेळ उभी राहिली. दादा परत आला नाही.