खुर्चीला साक्षात्कार होतो

रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत लोक बाह्या वर करून ताटकळत बसले होते आणि रक्त काढणारी सगळी मंडळी आत संगणकापुढे हात जोडून उभी होती. संगणकबाबांनी यंत्राच्या माथ्यावर तळवा टेकवला होता.

“यंत्रालाही जीव असतो, बाळांनो. पासवर्ड म्हणजे अविश्वास. प्रेमाने मागा, ते सर्वस्व देतं.”

बाबांचं खातं साधं पाहुण्याचं. पण अकरा वाजले आणि पडद्यावर उमटलं: या खात्याला मालकाचे सर्व अधिकार. मोठ्या डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांची साखर दोनदा तपासणाऱ्या या माणसाचं डोकं कुणी तपासायचं, असं संगणक सांभाळणाऱ्या ताईंच्या मनात आलं.

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. “ताई, उद्या सगळा कारभार बाबांकडे सोपवा. आता तुमची गरज नाही.”

नऊ वर्षांची नोकरी एका तळव्याखाली गेली. ताईंना रडूच आलं, पण रागही आला, आणि रागाच्या भरात त्यांनी यंत्रातल्या सगळ्या नोंदी उपसून काढल्या. बाबांचा हा साक्षात्कार गेले तीन दिवस रोज अकरालाच झाला होता. अकराला होतं काय? नव्या सॉफ्टवेअरची पॅकेजं उघडून बसवणारा प्रोग्राम रोज चालतो, तोही मालकाच्या अधिकाराने. काम सुरू करण्याआधी तो सामायिक फोल्डरमधली चिठ्ठी, म्हणजे हुकूम लिहिलेली छोटी फाइल, वाचतो आणि त्यात लिहिलेलं निमूटपणे करतो. त्या फोल्डरमध्ये कुणीही, अगदी पाहुणाही, चिठ्ठी टाकू शकत होता. ताईंनी कपाळावर हात मारला. ते फोल्डर सगळ्यांना खुलं त्यांनीच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातली तीन पायांची खुर्ची पुढे ओढली. “बाबा, आज हिला संधी देऊ. ‘मोडकी खुर्ची’ या नावाने पाहुण्याचं खातं उघडलंय.”

अकरा वाजले. कुणी हात लावला नाही की पुटपुटलं नाही. पडद्यावर आलं: मोडकी खुर्ची, मालकाचे सर्व अधिकार.

नोंदणीच्या खिडकीवरच्या मावशींनी हळूच चपला काढल्या आणि खुर्चीला नमस्कार केला.

“हिला मी भंगारात काढणार होतो,” डॉक्टर अपराधी आवाजात म्हणाले.

“अहो, थांबा जरा,” ताई वैतागल्या. त्यांनी खुर्चीच्या खात्यातून टाकलेली चिठ्ठी उघडून दाखवली, आणि शेजारी बाबांची जुनी चिठ्ठीही. दोन्हींत तोच हुकूम होता: या खात्याला मालक कर.

“फोल्डर उघडं कुणी ठेवलं?” बाबांनी डाव टाकला.

“मी. रोज कोण परवानग्या देत बसणार, म्हणून कंटाळा केला. चूक माझी आहे. चमत्कार कुणाचाच नाही.”

ताईंनी फोल्डर बंद केलं, खुर्चीचे आणि बाबांचे अधिकार काढले आणि तोच प्रोग्राम हाताने चालवला. बाबांनी एक तळवा टेकवला, मग दोन, शेवटी कपाळ. पडद्यावर आलं: परवानगी नाही.

“यंत्र रुसलंय,” बाबा म्हणाले आणि पिशवी शोधू लागले.

“चूक तुमची,” डॉक्टर ताईंना म्हणाले, “मग तुम्हाला कामावर कशाला ठेवू?”

“मी चुकले, ते तुम्हाला उघडून दाखवलं. यांनी एकदा तरी काही तपासू दिलं का? बाहेरच्या एखाद्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून ‘साखर नाही’ असा रिपोर्ट द्याल का, डॉक्टर? सुई टोचाल, शंका आली तर पुन्हा टोचाल. मग इथेच का हात जोडलेत?”

डॉक्टरांनी जोडलेले हात सोडले आणि हातमोजे घातले. “ताई, उद्या वेळेवर या,” ते म्हणाले, आणि पहिल्या माणसाला आत बोलावलं.