नऊ बागा आणि तीन चाकं

मी बाबागाडी बोलतेय. सध्या तीन चाकांवर उभी आहे. चौथं माझ्याच टोपलीत ठेवलेलं आहे, आणि त्या चौथ्याचीच ही हकीकत आहे. पण सुरुवात काळजीपासून करते, कारण माझ्या मालकिणीच्या घरात सगळ्याच गोष्टी काळजीपासून सुरू होतात.

काळजी अशी, की तिची मुलगी गोटी पावणेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आई, बाबा, नको, पाणी एवढं चालायचं. वाक्य म्हणून नाही. एरवी मालकिणीच्या काळज्या पाळीपाळीने यायच्या, एक गेली की दुसरी. ही मात्र गाठोडं घेऊन मुक्कामालाच आली आणि तिची झोप घेऊन बसली. त्यात एका सोमवारी बालवाडीची मुलाखत ठरली होती. अर्जात एक रकाना होता, 'मूल किती शब्दांचे वाक्य बोलते?' तो तिने पेन्सिलीने भरला, खोडला, पुन्हा भरला. कागद तिथे इतका विरला होता की मागच्या पानावरचा 'मुलाला कशाची भीती वाटते?' हा रकाना त्यातून वाचता यायचा.

आता थोडं माझ्याविषयी. मी कारखान्यात जन्मले आणि खोक्यात सुट्या भागांनी घरी आले. सोबतच्या पुस्तिकेत अकरा भाषांत लिहिलं होतं की मला जोडायला पंधरा मिनिटं लागतात. गोटीच्या बाबांना दीड तास लागला आणि शेवटी एक नट उरला. त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला, 'हा जास्तीचा देतात' असं म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये टाकला. तिथे पंख्याचा, कपाटाचा आणि पाळण्याचा असे तीन जास्तीचे आधीच होते. नावात बाबा असले तरी त्यानंतर त्यांचा-माझा फारसा संबंध आला नाही. मला ढकलते ती आईच.

गोटी बोलत नाही हे सगळ्यांत आधी तिच्या आत्याच्या लक्षात आलं. आत्याचा मुलगा दहाव्या महिन्यात 'धन्यवाद' म्हणाला होता, असं आत्या सांगते. तसं आत्याकडे गोटीचं कौतुकही एकदा झालं होतं. गेल्या वर्षी बायका बोलत बसल्या असताना गोटी आईची बाही ओढून 'आई, आई' करायला लागली. आईने बजावलं, "मोठी माणसं बोलत असताना मधे बोलायचं नाही. त्यांचं संपलं की मग." गोटी गप्प बसली. आत्या म्हणाली, किती समजूतदार आहे.

मग बोलण्याच्या डॉक्टरीण बाई झाल्या. मी त्यांच्या दाराशी उभी होते. बाईंनी विचारलं, "नाव काय गं तुझं? गोटी ना? छान आहे. कोणी ठेवलं? आजीने?" आणि कागदावर लिहिलं, प्रतिसाद नाही. माणसांची ही एक सवय मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. मुलांना प्रश्न विचारतात आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतात. शेवटी बाईंनी सल्ला दिला, की मुलीशी सतत बोलत राहा, जे दिसेल ते सांगा, तिला भाषेत न्हाऊ घाला.

मालकीण शिकलेली आहे. शिकलेली माणसं सल्ला शब्दशः पाळतात. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून घरात धार लागली. आता आई कांदा चिरतेय. आता आई डोळे पुसतेय, रडत नाहीये बाळा, कांदा आहे. आता आई फ्रिज का उघडला ते विसरली. तीन दिवसांत घर संपलं. फ्रिजच्या मागची जाळीसुद्धा सांगून झाली. नवीन काहीतरी दिसायला हवं म्हणून आम्ही बाहेर पडलो आणि निवांत फेरीला लागलो.

आमच्या शहराला पूर्वी तट होता. तो पाडून त्या जागी बागा केल्या. नऊ बागा, एकीला एक लागून, शहराभोवती गोल. घड्याळाच्या दरवाजापासून निघायचं आणि फिरून तिथेच यायचं. दरवाजावर नगरपालिकेचा फलक आहे: 'निवांत फेरी. लागणारा वेळ दोन तास दहा मिनिटे. कृपया बाणाच्या दिशेनेच निवांत चालावे.' बाण जागोजागी आहेत आणि बाणांवर नजर ठेवायला एक शिट्टीवाला रखवालदार आहे. मागे एकदा कोणा पाहुण्याची टोपी उडून चार पावलं मागे पडली. रखवालदाराने त्याला नऊच्या नऊ बागा फिरून येऊन ती उचलायला लावली. नियम म्हणजे नियम.

निवांत तिथे कोणीच नसतं. रोज भेटणारे एक निवृत्त काका मनगटावरच्या यंत्राला पावलं मोजून दाखवतात. बूट बांधायला बाकाशी थांबले तरी दुसरा पाय जागच्या जागी हलवत ठेवतात, नाहीतर यंत्र रागावतं. मालकीण त्यांना हसायची आणि स्वतः तिसऱ्या बागेत धापा टाकत फलक वाचायची. कारंजं कोणी बांधलं, कधी बंद पडलं, दुरुस्तीचं उद्घाटन कोणी केलं आणि मग परत कधी बंद पडलं. गोटी समोर तोंड करून माझ्यात बसलेली, आई मागून बोलतेय. तिला आईचं तोंड दिसायचं नाही आणि आईला गोटीचं.

मला मात्र सगळं ऐकू यायचं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आत्मवृत्तात मला वाचा फुटते, बागेत फुटत नाही.

गोटी बोलायची. छपराखाली, अगदी हळू, माझ्याशी. पहिल्या दिवशी माझ्या दांड्यावर हात ठेवून म्हणाली, "ही तुझी चाकं, हे माझे पाय." चौथ्या बागेत घोड्यावर बसलेल्या सरदाराचा पुतळा आहे. मागून आई सरदाराच्या लढाया वाचत होती, तेव्हा गोटी मला म्हणाली, "घोडा दमला." चार शब्द, पाच शब्द, एकदा तर सात. मी ऐकत होते आणि वर एक बाई 'माझंच काहीतरी चुकलं' असं मनात म्हणत मला ढकलत होती. मी पुढचं चाक करकरवून खूण करायचा प्रयत्न केला. तिने तेल घातलं.

मुलाखतीआधीच्या शनिवारी आम्ही शेवटची फेरी म्हणून निघालो. मालकिणीने त्या दिवशी काहीच शिल्लक ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. पानं, शेंगा, मुंग्या, मुंग्यांची रांग, रांगेत न राहणारी मुंगी. दुसऱ्या बागेत तळं आहे, तिथे ती बदकं पाण्यावर तरंगतात कशी ते समजावत होती. त्याच वेळी गोटीचा डावा बूट निघाला आणि माझ्या चाकाला घासून गवतात पडला. गोटीने तोंड उघडलं. आई पिसांतल्या तेलावर आली होती. गोटीने तोंड मिटलं.

तिसरी बाग गेली, चौथी गेली. पाचव्या बागेच्या उतारावर माझ्या पुढच्या डाव्या चाकाने रजा घेतली. आधी ते माझ्यासोबतच धावलं, मग माझ्यापेक्षा जोरात, मग एका बाकाखाली जाऊन आडवं झालं. मी एका अंगावर कलले. गोटी पट्ट्यात होती, तिला काही झालं नाही.

मालकिणीने चाक उचललं. घरी फोन लावला. फोनमधून गोटीच्या बाबांचा आवाज मलाही ऐकू आला. "कुठला नट? अच्छा, तो जास्तीचा?"

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. वस्तू जोडून झाल्यावर नट उरला तर तो जास्तीचा नसतो. मी आता जिन्याखाली आहे. येणारे-जाणारे माझ्यावर छत्र्या अडकवतात, आणि ड्रॉवरमधल्या त्या नटाची मी रोज आठवण काढते. पण खरं सांगायचं, तर तो वेळेवर बसला असता तर मालकीण अजून कारंज्याची माहिती वाचत असती.

कारण फोन ठेवल्यावर ती बाकावर बसली. सवयीने म्हणाली, "आता चाक निघालं." मग म्हणाली, "आता आई बसली." आणि मग तिच्याजवळचे शब्द संपले. तिने चाक मांडीवर घेतलं आणि नुसती बघत राहिली. किती वेळ ते माझ्याकडे मोजायला यंत्र नाही. निवृत्त काका आले, पाय हलवत थांबून बघितलं आणि गेले. कुठेतरी पाइपातून पाणी ठिबकत होतं. फेऱ्यांच्या आठ महिन्यांत मी पहिल्यांदा ते ऐकलं.

गोटीने छपराच्या कडेला धरून मान मागे वळवली. आईकडे नीट पाहून घेतलं.

"आई, संपलं तुझं?"

मालकिणीच्या गळ्याशी एकदम वीस वाक्यं आलेली मला दिसली. आत्याला कळवायचं होतं, डॉक्टरीण बाईंना कळवायचं होतं, परत बोल बाळा असंही म्हणायचं होतं. तिने ती सगळी गिळली आणि एकच शब्द काढला.

"हो."

"माझा बूट पडला," गोटी म्हणाली. "बदकांपाशी. मघाशीच."

मालकिणीने तिला कडेवर घेतलं, चाक टोपलीत टाकलं आणि मला वळवलं. उलटं, बाणाच्या विरुद्ध. दहा पावलंही झाली नसतील, शिट्टी वाजली. रखवालदार धावत आला आणि सुरू झाला. ताई, बाण दिसत नाही का. शिकलेली माणसं तुम्ही. एकाला सोडलं की सगळे उलटे फिरतील. टोपीवाल्या पाहुण्याचीही गोष्ट त्याने पहिल्यापासून सांगितली. मालकिणीचा चेहरा लाल झाला. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात गोटीने आपला हात तिच्या तोंडावर ठेवला.

"थांब आई," ती म्हणाली. "काकांचं संपलं की मग."