शेवटचा प्रश्न आधी

ऑडिटरला त्या दिवशी खरं तर कुठंच जायचं नव्हतं. गुडघा ठणकत होता, ऑडिटचा हंगाम संपत आलेला, रोज नवा जिना आणि रोज तोच चहा. त्यात ऑफिसातल्या तरुण भागीदारबाईंनी फर्मान काढलेलं, की नव्यानं लागलेल्या मुलांना तुम्ही तासभर सांगा, ग्राहकांशी नातं कसं जोडायचं. आता काय सांगणार, कपाळ! नातं जोडायला तो कधी गेलाच नव्हता. तो गेला हिशेब तपासायला, आणि लोकांनी बसवून घेतलं. कुणाच्या पित्ताचं ऐकायचं, कुणाच्या जावयाचं ऐकायचं, आणि पुढच्या वर्षी ते विसरायचं नाही. एवढ्यावर तासभर कसा काढायचा हे त्याला काही सुचत नव्हतं.

बिजागऱ्यांचा कारखाना हा त्याचा सगळ्यात जुना ग्राहक. पहिल्या वर्षी इथं आला तेव्हा तो अगदीच कोवळा होता, आणि मालकांसमोर बसून त्याला प्रश्नच विचारवेनात. कोर्टकचेरी चालू आहे का, घरच्याच माणसाला माल स्वस्तात दिलात का, असलं भल्या माणसाला कसं विचारायचं? त्याची चुळबूळ बघून शेवटी मालकच खेकसले होते, "ज्याची लाज वाटते ना, ते विचार. बाकीचं तर माझा कारकूनही सांगेल."

तेव्हापासून ती रीतच पडली. तपासणी आटोपली की तो वरच्या खोलीत जायचा, मालकांसमोर बसायचा आणि ठरलेले सहा-सात प्रश्न ठरलेल्या क्रमानं तोंडी विचारायचा. मालक उत्तरं द्यायचे, तो लिहून घ्यायचा, आणि खाली मालक सही ठोकायचे, की वर सांगितलं ते माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. मालकांनी त्याचं नावच चौकशीमास्तर ठेवलं होतं. केस पांढरे झाले तरी ते नाव काही सुटलं नाही.

खाली यंत्रांच्या खडखडाटात मालकांचा धाकटा भाऊ भेटला. हा गडी वरच्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे, हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. तेलाचे हात पुसत त्यानं सुचवलं, की दादाचं आता वय झालंय, त्याला कारभार झेपत नाही असं यंदा तुम्हीच कागदावर लिहिलंत तर बरं पडेल. ऑडिटरनं नुसतं हूं हूं केलं आणि कठडा धरून जिना चढायला लागला. भावाभावांच्या भानगडीत पडायचं त्याच्यात त्राण नव्हतं.

वरची खोली होती तशीच. हिरवं लोखंडी कपाट, काचेखाली जुन्या बिजागऱ्यांचे नमुने मांडलेलं टेबल, त्यामागं मालक, दाढी गुळगुळीत, सदऱ्याला कडक इस्त्री. खिडकीपाशी वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी, क्रोशाचं काम घेऊन बसलेल्या. त्या दर वर्षी तिथंच बसायच्या, एक अक्षर न बोलता. मालक म्हणाले, या, बसा. एरवी ते म्हणायचे, आलं का मास्तर, टेक बूड. ऑडिटरला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण गुडघ्यापुढं दुसरं काही सुचेना. तो बसला.

आणि मग त्यानं आळस केला. दुसरा शब्द नाही त्याला. सगळ्या यादीत लक्ष देऊन ऐकावं लागतं ते शेवटच्या प्रश्नाला, त्याचं उत्तर हिशेबात सापडत नाही, बाकीचे उरकता येतात. म्हणून त्यानं शेवटचाच प्रश्न आधी विचारला: वर्ष संपल्यानंतर असं काही घडलंय का, जे आम्हाला कळायला हवं? तसं याचं उत्तर आजवर दर वर्षी एकच आलं होतं, काही नाही, सगळं आहे तसं आहे.

"पितळी काम बंद केलं," मालक ठणठणीत आवाजात म्हणाले. "आता फक्त लोखंडी आणि स्टीलच्या."

हे उत्तर पहिल्या प्रश्नाचं होतं, कारखान्यात यंदा काय बदललं याचं. ऑडिटर हसला. फिरकी घ्यायची मालकांना खोडच होती. त्यानं विचारलं, कोर्टात काही चालू आहे का? मालक म्हणाले, सही मी करतो आणि ही करते, धाकट्याची चालत नाही. हे दुसऱ्या प्रश्नाचं, सही कुणाकुणाची चालते याचं. मग त्यानं आणखी एक विचारला, त्याला तिसऱ्याचं उत्तर आलं. उत्तरं सगळी खरी, खणखणीत, एकामागून एक. फक्त जे विचारलं त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ऑडिटरनं खिडकीकडे पाहिलं. वहिनींची सुई थांबली होती आणि ओठ हलत होते, शाळेच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलेली आई आपल्या पोराचं भाषण पुटपुटते तसे.

वहिनींनी मालकांना सांगितलं, खाली एक चक्कर मारून या, तोवर चहा येईल. मालक मुकाट्यानं उठले. जिना आणि यंत्रं अजून त्यांच्या पायांना पाठ होती. दार लागलं तशी वहिनींनी गोष्ट सांगून टाकली. वर्षभर चाललंय हे. आधी चाव्या, मग नातवंडांची नावं, मग घरचा रस्ता. धाकट्याला संशय आहे, पण खात्री नाही. ऑडिटरचे प्रश्न वहिनींना त्याच्याइतकेच पाठ होते, इतकी वर्षं कानावर पडलेले. रोज सकाळी मालकांची दाढी करून देताना त्या ती उत्तरं घोटून घेत होत्या.

"क्रम बदललात हो भाऊजी तुम्ही," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "इतक्या वर्षांत कधी बदलला नाहीत."

ऑडिटरनं चष्मा काढून पुसला.

"एवढं वर्ष त्यांची सही घ्या. तुम्ही लिहिलंत की धाकटा उद्याच त्या खुर्चीत बसेल. मग सकाळी उठून दाढी कशासाठी करायची त्यांनी? कपडे कशासाठी घालायचे?"

खरं सांगायचं तर त्याला ते पटलं. कुणाचं नुकसान नव्हतं, हिशेब चोख होते, ते त्यानं स्वतः तपासले होते. प्रश्न जुन्या क्रमानं विचारले की उत्तरं बरोबर येणार, सही होणार, तो घरी जाऊन पाय पसरून पडणार. नातं नातं म्हणतात ते हेच असेल तर हेच सही. धाकट्याचा तो तेलकट आव आठवून तर त्याला आणखीच वाटलं, की खड्ड्यात जाऊ दे सगळं, घेऊन टाकू सही.

मालक परत आले. ऑडिटरनं नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पितळी काम बंद केलं. सही मी आणि ही. एकेक उत्तर चपखल बसत गेलं. वहिनींच्या खांद्यांवरचा ताण उतरताना दिसत होता. शेवटी मालक म्हणाले, काही नाही, सगळं आहे तसं आहे, आणि खूश होऊन त्यांनी खिशातलं पेन काढलं. आता फक्त कागद पुढं सरकवायचा होता. ऑडिटरचा हात कागदावरच राहिला. या माणसाला असं फसवायचं, तेही त्याच्याच टेबलावर, हे काही त्याला जमेना.

"मालक," तो म्हणाला, "मी कोण?"

त्याला इतकी लाज वाटली, की पहिल्या वर्षीही तेवढी वाटली नव्हती. मालकांनी खिडकीकडे पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली. हे उत्तर कुणीच घोटून घेतलं नव्हतं. मालकांनी मग ऑडिटरचा चेहरा निरखला, कितीतरी वेळ, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"नाव नाही येत," ते म्हणाले. "पण तुझ्यासमोर खोटं बोलायचं नसतं, एवढं माहितीये."

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि खालची ओळ बोट ठेवून वाचली. माझ्या माहितीप्रमाणे, या शब्दांवर बोट अडलं. मला कुठं काय माहितीये, ते म्हणाले, ही शिकवते ते मी बोलतो. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते वहिनींच्या दिशेनं टेबलावर ठेवून दिलं. ऑडिटरला भडभडून आलं आणि तो ते लपवायच्याही भानगडीत पडला नाही.

वहिनी मात्र रडल्या नाहीत. क्रोशाचं काम गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवलं. ऑडिटरनं त्यांना सांगितलं, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं आहे ना, सही तुमचीही चालते. खुर्ची मालकांचीच राहू दे. ते बसतील तिथं, तुम्ही शेजारी बसा. धाकट्याला ते चालेल का, हे मी नाही सांगू शकत. पण यापुढं प्रश्न मी तुम्हालाच विचारणार.

वहिनींनी स्टूल ओढलं आणि मालकांच्या खुर्चीला लावून बसल्या. ऑडिटरनं आणखी एक नवा कागद घेतला. या खेपेला त्यानं काही उरकलं नाही. वहिनी सावकाश, विचार करून बोलत होत्या. एका ठिकाणी तर त्या म्हणाल्या, हे मला माहीत नाही, बघून सांगते. ओळखीचं उत्तर आलं की मालक मान डोलवायचे.

मग शेवटचा प्रश्न आला. वर्ष संपल्यानंतर असं काही घडलंय का, जे आम्हाला कळायला हवं?

मालकांनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला.

"हो," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या, भाऊजी."